हटकून तसंच होतं, त्यामागचा हिशेब

थांब्यावर गेलं की बस उशिरानेच येते. आपण उभे राहतो तीच रांग अडकते. कामाला लागणारा वेळ कितीही सढळ हाताने धरला तरी काम लांबतंच. या तक्रारी बहुतेक वेळा खऱ्या असतात, पण त्यांचं खापर नशिबावर फोडण्याचं कारण नाही. त्यामागे हिशेब आहे आणि त्याचा बराचसा भाग शाळेतल्या गुणाकार-भागाकारात बसतो. अंदाज बांधताना आपण सरासरी धरतो, वाट्याला मात्र चढउतार येतात. ही एक गोष्ट लक्षात घेतली की पुष्कळ ‘आश्चर्यं’ आधीच सांगता येतात आणि काही टाळताही येतात.

दोन बसमधलं अंतर

तासाला ६ बस असलेला मार्ग घेऊ. दोन बसमधलं सरासरी अंतर १० मिनिटं. घड्याळ न बघता थांब्यावर गेलं तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागेल, असं कुणीही सांगेल. बस बरोबर दहा-दहा मिनिटांनी येत असतील तर ते खरंही आहे. आता त्याच ६ बस जोडीजोडीने येतात असं समजा. एक गेली की २ मिनिटांत दुसरी, मग १८ मिनिटं काही नाही, पुन्हा २, पुन्हा १८. तासाभरात १८ मिनिटांचे तीन खंड, म्हणजे ५४ मिनिटं, आणि २ मिनिटांचे तीन, म्हणजे ६ मिनिटं. बस सहाच आहेत, सरासरी अंतरही १० मिनिटंच आहे. पण आपण पोचतो तो क्षण त्या ५४ मिनिटांत पडण्याची शक्यता ९० टक्के. तिथे सरासरी ९ मिनिटं थांबावं लागतं. उरलेल्या १० टक्के वेळा १ मिनिट. दोन्हींचा मिळून हिशेब ८ मिनिटं १२ सेकंदांवर जातो. बसचा एकमेकींशी काहीच ताळमेळ नसेल, कुठलीही कधीही येत असेल, तर सरासरी थांबणं पूर्ण १० मिनिटांचं होतं, म्हणजे अपेक्षेच्या दुप्पट.

लांब खंड घड्याळातली जास्त जागा व्यापतो, म्हणून त्यात सापडणारी माणसंही जास्त असतात. एवढंच कारण. बस चालवणारे बसगणिक मोजतात, थांबणारा मिनिटागणिक भोगतो. दोघांचे आकडे वेगळे येतात आणि दोघेही बरोबर असतात. गर्दीचंही तसंच. एका बसमध्ये ८० जण आणि मागच्या बसमध्ये १० जण असतील तर सरासरी ४५. पण एकूण ९० प्रवाशांपैकी ८० जणांनी खच्चून भरलेली बसच पाहिलेली असते. प्रवाशाच्या नजरेतून सरासरी काढली तर बसमध्ये ७२ जण निघतात. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये मैत्रीबद्दल हीच गोष्ट दाखवली. आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात, असा अनुभव बहुतेकांना येतो. कारण ज्याला पुष्कळ मित्र आहेत तोच पुष्कळांच्या मित्रयादीत असतो.

पण बस जोडीने का येतात? एखादी बस सिग्नलला २ मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर तेवढ्या वेळात जास्त माणसं जमतात. चढण्या-उतरण्यात प्रत्येकाचे काही सेकंद जातात, म्हणून ती आणखी मागे पडते आणि त्यापुढच्या थांब्यावर आणखी गर्दी तिची वाट बघत असते. मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात, तिचा वेळ वाचत जातो आणि ती पुढचीला गाठते. चालकाचा यात दोष नसतो. मोकळं सोडलं तर वेळापत्रक आपोआप असंच विस्कटतं. उपाय आहे, आणि तो वेग वाढवण्याचा नाही. वेळेआधी आलेली बस ठरावीक थांब्यांवर रोखून धरायची, म्हणजे अंतर पुन्हा सारखं होतं. त्या बसमधल्या प्रवाशांना हे थांबणं निरर्थक वाटतं, पण पुढच्या सगळ्या थांब्यांवरच्या माणसांचा वेळ त्याने वाचतो.

प्रवाशाच्या हाती दोन गोष्टी उरतात. बऱ्याच वेळाने भरगच्च बस आली आणि फार घाई नसेल, तर ती सोडून द्यावी. मागची बस जवळ आणि बऱ्यापैकी रिकामी असण्याची शक्यता चांगली असते. आणि वेळेवर पोचणं महत्त्वाचं असेल तेव्हा सरासरी अंतर धरून निघू नये. त्या मार्गावर नेहमी पडणारा सगळ्यात मोठा खंड किती, तो धरावा.

रांग

तीन खिडक्या, तीन रांगा, आपण एकीत. तिन्ही सारख्याच असतील तर आपली रांग सगळ्यात वेगवान ठरण्याची शक्यता एक तृतीयांश. म्हणजे तीनपैकी दोनदा शेजारची निदान एक रांग आपल्यापुढे जाणारच. रांग निवडण्यात आपण चुकतो असं नाही, एकाच वेळी तिन्हींत उभं राहता येत नाही एवढंच.

पण रांगेचा खरा प्रश्न निवडीचा नाही, खिडकी किती भरलेली आहे त्याचा आहे. डेन्मार्कचे गणिती आग्नर एरलांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत होते. किती लाइन ठेवल्या तर ग्राहकाला फार खोळंबावं लागणार नाही, हा त्यांच्यापुढचा व्यवहारातला प्रश्न होता. १९०९ मध्ये त्यांनी त्यावर पहिला लेख लिहिला आणि रांगांचं शास्त्र तिथून सुरू झालं. त्यातला एक निष्कर्ष प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर लावावा इतका कामाचा आहे.

समजा एका माणसाच्या कामाला सरासरी ४ मिनिटं लागतात. म्हणजे खिडकी तासाला जास्तीत जास्त १५ जणांचं काम करू शकते. लोक मनाला येईल तेव्हा येतात, कुणाचं काम मिनिटात होतं, कुणाचं दहा मिनिटं चालतं. तासाला सरासरी साडेसात जण आले, म्हणजे खिडकी निम्मा वेळ कामात असली, तर रांगेतला सरासरी खोळंबा ४ मिनिटांचा. तासाला १२ जण आले, म्हणजे खिडकी ८० टक्के भरली, तर १६ मिनिटं. साडेतेरा जण, ९० टक्के, तर ३६ मिनिटं. ९५ टक्क्यांना ७६ मिनिटं. गर्दी ८० वरून ९५ टक्क्यांवर जाताना तासाला जेमतेम सव्वादोन माणसं वाढली आणि थांबण्याचा वेळ मात्र जवळजवळ पाचपट झाला.

कारण असं. खिडकी मध्येच रिकामी राहिली तर तो वेळ साठवून ठेवता येत नाही, वाया जातो. पण एखादं काम लांबलं तर तो उशीर मागच्या प्रत्येकाच्या अंगावर चढतो. खिडकीला भरपूर मोकळा वेळ असेल तर ही थकबाकी लवकर फिटते. मोकळा वेळ ५ टक्केच उरला असेल तर एक थकबाकी फिटायच्या आत दुसरी येऊन बसते. म्हणून ‘कर्मचारी थोडा वेळ बसून असतो, एक खिडकी कमी करू’ हा निर्णय कागदावर बरोबर दिसतो आणि रांग दाराबाहेर जाते. चढउतार कमी केले तरी मोठा फरक पडतो. प्रत्येकाचं काम बरोबर ४ मिनिटांतच होऊ लागलं, तर तेवढ्याच गर्दीला थांबण्याचा वेळ निम्म्यावर येतो. अर्ज आधी भरून घेणं, कागदपत्रं रांगेतच तपासणं, लांबणारी कामं वेगळ्या खिडकीवर पाठवणं, या गोष्टी एवढ्यासाठी करायच्या असतात.

दुसरा उपाय एकच रांग लावण्याचा. रांग एक, खिडक्या तीन, जी मोकळी होईल तिकडे पुढचा माणूस. वरचंच गणित, ९० टक्के भरलेल्या तीन खिडक्या. तीन वेगळ्या रांगा असतील आणि मध्येच रांग बदलता येत नसेल तर सरासरी ३६ मिनिटं. रांग एक केली तर साधारण ११. माणसं तेवढीच, कर्मचारी तेवढेच. एकच रांग लांबलचक दिसते म्हणून लोक नाखूश होतात, पण ती सतत सरकत असते आणि एका अवघड कामामुळे कुणीच अडकून पडत नाही.

रांगेत उभं असताना आपला नंबर कधी येईल हेही काढता येतं. अमेरिकेतले जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम अगदी सरळ आहे: आत असलेली माणसं बरोबर आत येण्याचा वेग गुणिले आत काढलेला सरासरी वेळ. गर्दी फार वाढत-घटत नसेल तर आत येण्याचा वेग आणि बाहेर पडण्याचा वेग एकच. दहा मिनिटं दाराकडे लक्ष ठेवावं. तेवढ्यात ५ जण काम आटोपून गेले, म्हणजे दर २ मिनिटांना एक. पुढे ३० जण असतील तर तासभर लागणार. दहा मिनिटांऐवजी दोनच मिनिटं बघितली तर हा अंदाज फसतो, कारण तेवढ्या वेळात एकही गेलेला नसेल किंवा तिघे एकदम गेलेले असतील.

बिघडण्याच्या वाटा किती

मोज्यांचे १० जोड आहेत आणि त्यातले ६ मोजे हरवले. सगळ्यात बरं काय होईल? तीन पूर्ण जोड जातील आणि सात जोड शाबूत राहतील. सगळ्यात वाईट म्हणजे सहाही मोजे वेगवेगळ्या जोडांतले असतील, मग चारच जोड उरतील आणि सहा मोजे एकेकटे. २० मोज्यांतून ६ हरवण्याचे एकूण ३८,७६० प्रकार होतात. त्यांपैकी सगळ्यात बऱ्या निकालाचे १२० आणि सगळ्यात वाईटाचे १३,४४०. म्हणजे वाईट निकालाची शक्यता चांगल्याच्या ११२ पट. कुणी मुद्दाम जोड फोडत नाही, फुटण्याच्या वाटाच जास्त आहेत. उपायही मोजण्यातूनच निघतो. सगळे मोजे एकाच रंगाचे, एकाच मापाचे घ्यावेत. मग कुठलेही सहा हरवले तरी सात जोड राहतातच.

इअरफोनच्या वायरच्या गुंत्याचंही तसंच आहे, सरळ राहण्याची तऱ्हा एक आणि गुंतण्याच्या असंख्य. डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोरी पेटीत टाकून पेटी फिरवली, असं तीन हजारांहून जास्त वेळा केलं. गाठी काही सेकंदांतच पडत होत्या. साधारण ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड दोरीला गाठ जवळजवळ पडतच नव्हती, तिथून दीड मीटरपर्यंत शक्यता झपाट्याने वाढत गेली. गाठ मारतं ते मोकळं टोक, वेटोळ्यांमधून वर-खाली सरकत. म्हणून वायर गुंडाळून टोकं अडकवून ठेवावी आणि लहान डबीत ठेवावी. हलायला जागा नसली की गाठ पडायलाही जागा राहत नाही.

आपोआप सुधारणारं आणि आपोआप घसरणारं

या सगळ्यात सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट ही. म्हणून तिच्यावर थोडं जास्त थांबायला हवं.

परीक्षेतल्या गुणांत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: मुलाची तयारी आणि त्या दिवसाचा योग. पाठ केलेलाच प्रश्न आला, झोप नीट झाली नव्हती, एक गणित वाचण्यातच चुकलं. वर्गाची सरासरी ६० आहे आणि एका मुलीला ८५ मिळाले. तिची तयारी चांगली असणारच, पण इतके गुण मिळालेल्यांत त्या दिवशी योगही बाजूने असलेले जास्त असतात. तयारी पुढच्या परीक्षेला सोबत येते, योग येईलच असं नाही. दोन परीक्षांच्या गुणांचा परस्परसंबंध ०.६ असेल, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतराचा ६० टक्के भाग पुढच्या वेळीही टिकत असेल, तर ८५ वाल्यांना पुढच्या वेळी सरासरी ७५ मिळतील. सरासरीपेक्षा २५ वर होते, त्याचे ०.६ म्हणजे १५ वर राहतील. आणि ३५ वाले? २५ खाली होते, ते १५ खाली येतील, म्हणजे ४५ वर.

आता या दोघांशी मोठी माणसं कशी वागतात ते बघा. ८५ वालीचं कौतुक झालं आणि ती घसरली. ३५ वाल्याला बोलणी बसली आणि तो सुधारला. कौतुकाने मुलं बिघडतात, धाकाने वळणावर येतात, हा ‘अनुभव’ इथून तयार होतो. बघणारा माणूस प्रामाणिक असतो, त्याने पाहिलेलं खरंच घडलेलं असतं. तरी निष्कर्ष चुकीचा. बोलणी बसली नसती तरी ३५ चे ४५ व्हायचेच होते. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांनी इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांकडून हाच दावा ऐकला होता. चांगलं उड्डाण केलेल्याला शाबासकी दिली की पुढचं बिघडतं, वाईट केलेल्याला झापलं की पुढचं सुधारतं. त्यांनी याचं स्पष्टीकरण याच हिशेबाने दिलं. या प्रकाराची पहिली नीट मोजणी फ्रान्सिस गाल्टन यांची. १८८६ मध्ये त्यांनी दाखवलं की फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीपासून आईवडिलांइतकी दूर नसतात.

दुखण्यांमध्ये याचा फटका पैशांत आणि कधी प्रकृतीतही बसतो. पाठदुखी, डोकेदुखी, त्वचेची खाज ही कमी-जास्त होणारी दुखणी. माणूस उपाय शोधतो तो त्रास टोकाला गेल्यावर. टोकाच्या दिवसानंतर येणारे दिवस बहुधा त्यापेक्षा बरेच असतात, मग त्या वेळी घेतलेलं काहीही लागू पडल्यासारखं वाटतं. रस्त्यांबाबतही हेच. गेल्या वर्षी जिथे सगळ्यात जास्त अपघात झाले तिथे गतिरोधक घातला, या वर्षी अपघात कमी झाले, श्रेय गतिरोधकाला. ते कदाचित योग्यही असेल, पण एका वर्षाच्या आकड्यांवरून ते कळत नाही. म्हणून अशी ठिकाणं निवडताना तीन ते पाच वर्षांचे आकडे घ्यावे लागतात.

घरच्या घरी उपाय पारखायचा असेल तर आधी दोन आठवडे रोज एका ठरलेल्या वेळी त्रास ० ते १० मध्ये लिहून काढावा. उपाय सुरू करण्याची तारीख आधीच ठरवावी आणि ती पाळावी. ‘आज फार दुखतंय’ म्हणून त्या दिवशी सुरू केला तर पारख तिथेच बिघडली. पुढे दोन आठवडे तसंच लिहावं आणि दोन्ही सरासऱ्या शेजारी ठेवाव्यात. दुखणं तीव्र असेल, वाढत असेल किंवा डॉक्टरांनी औषध दिलेलं असेल, तर मात्र ही वही उपचारांच्या आड येऊ देऊ नये.

काम लांबतं ते का

रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळंच बिनसलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटातला वाईट धरलेला अंदाजही कमी पडला.

आळस हे याचं एकमेव कारण नाही. तासाभराचं काम फार तर वीस मिनिटं लवकर आटोपेल, पण बिघडलं तर ते पाच तासही खाईल. लवकर होण्याला मर्यादा आहे, उशिराला नाही. आपण मनात जी वेळ धरतो ती नेहमी लागणारी असते. सरासरी त्याहून जास्त निघते, कारण क्वचित येणारे मोठे उशीर ती वर ओढतात. त्यात कामं एकमेकांवर अवलंबून असतात. पाच जणांकडून पाच भाग यायचे आहेत आणि प्रत्येक जण वेळेवर देण्याची शक्यता ८० टक्के आहे. ऐकायला ठीक वाटतं. पण पाचही भाग वेळेवर येण्याची शक्यता ०.८ चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे जेमतेम ३३ टक्के. आठ माणसांची बैठक असेल आणि प्रत्येक जण दहापैकी नऊदा वेळेवर येणारा असेल, तरी ती सगळ्यांसह वेळेवर सुरू होण्याची शक्यता ४३ टक्केच. कुणीही बेजबाबदार नाही आणि बैठक तरीही उशिराच.

अंदाज सुधारायचा तर कामाच्या पायऱ्या मोजत बसण्याऐवजी मागे वळून बघावं. अशाच प्रकारची आधीची दहा कामं काढावीत, प्रत्येकाला ठरवलेले दिवस आणि लागलेले दिवस लिहावेत आणि दुसऱ्याला पहिल्याने भागावं. येणारे दहा आकडे चढत्या क्रमाने लावून आठवा घ्यावा. तो १.७ आला, तर आजच्या अंदाजाला १.७ ने गुणून येणारी तारीख सांगावी. ‘या वेळी तशी अडचण नाही’ असं वाटणारच. ते आधीच्या दहाही वेळा वाटलं होतं, म्हणून ते हिशेबात धरू नये.

राखीव दिवस प्रत्येक टप्प्याला वाटून देऊ नयेत. एकामागून एक येणारे चार टप्पे असतील, एकाचा उशीर दुसऱ्याच्या उशिराशी जोडलेला नसेल आणि प्रत्येकात साधारण एका दिवसाचा चढउतार असेल, तर चारींचा मिळून चढउतार चार दिवसांचा होत नाही. तो चारच्या वर्गमूळाने वाढतो, म्हणजे दोन दिवसांचा होतो, कारण एखादा टप्पा लवकरही आटोपतो. चार दिवस वाटून टाकले तर प्रत्येक टप्पा आपला दिवस वापरून टाकतो आणि शेवटच्या अडचणीला काही उरत नाही. दोन दिवस एकत्र, शेवटी ठेवले तर त्याहून जास्त पुरतात.

पाच जणांच्या कामाला मात्र वेगळी तजवीज लागते, कारण तिथे टप्पे एकामागून एक नसतात आणि सगळ्यांत उशिरा देणाऱ्याची वाट बघावी लागते. पाचही भाग वेळेवर येण्याची शक्यता ८० टक्क्यांवर न्यायची तर प्रत्येकाची शक्यता सुमारे ९६ टक्के हवी. म्हणून प्रत्येकाला ‘तुझं कधी होईल?’ असं विचारून उपयोग नाही, त्यावर नेहमी लागणारी वेळच सांगितली जाते. ‘कोणत्या तारखेपर्यंत दिलं नाहीस तर तुलाच नवल वाटेल?’ असं विचारावं, पाच तारखांमधली सगळ्यात उशिराची घ्यावी आणि जोडणीचं काम तिच्या दुसऱ्या दिवशी ठेवावं.